नऊ पराभवांचा गटविजेता: एनएफसी वेस्ट, २०१०

रविवार, २ जानेवारी २०११. सिअ‍ॅटलच्या क्वेस्ट फील्डवर सीहॉक्स आणि सेंट लुईस रॅम्स या अमेरिकन फुटबॉल संघांचा साखळीतला शेवटचा सामना संध्याकाळी सुरू झाला. सीहॉक्सच्या खात्यावर तेव्हा सहा विजय आणि नऊ पराभव होते, रॅम्सच्या खात्यावर सात विजय आणि आठ पराभव. जिंकेल तो एनएफसी वेस्ट गटाचा विजेता म्हणून बाद फेरीत जाणार होता आणि हरणाऱ्याचा हंगाम तिथेच संपणार होता. सीहॉक्सचा नेहमीचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, मॅट हॅसलबेक दुखापतीमुळे बसला होता. त्याच्या जागी चार्ली व्हाइटहर्स्ट खेळला आणि सीहॉक्स १६–६ असे जिंकले. दोघांचेही सात विजय आणि नऊ पराभव झाले. गटातल्या आपसातल्या सामन्यांत सीहॉक्सची कामगिरी सरस होती, म्हणून मुकुट त्यांना मिळाला. पूर्ण लांबीच्या हंगामात, जिंकले त्याहून जास्त सामने हरलेला संघ गटविजेता झाला, असं एनएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, त्याआधी कधीच घडलं नव्हतं.

मी तेव्हा सिअ‍ॅटलजवळ रेडमंडला राहत होतो. खोलीत माझ्याबरोबर कोल्हापूरचा एक मित्र होता, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाच्या लढती बघत वाढलेला. त्याच्या लेखी फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा तोच. लांबट चेंडू काखेत मारून धावण्याचा हा खेळ तो माझ्या आग्रहाखातर बघायला लागला होता. सामना संपल्यावर त्याने टीव्हीचा आवाज बारीक केला आणि म्हणाला, "भावा, सोळातल्या नऊ मॅच हरून पहिला नंबर? वासरांत लंगडी गाय शहाणी झाली की ही. आणि दहा-दहा मॅच जिंकलेल्या दोन टीम घरी बसल्या, त्यांचं काय?"

त्या आठवड्यात रेडिओवर, वर्तमानपत्रांत आणि आमच्या ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर याच प्रश्नाचा कीस पडत होता. एनएफसी वेस्ट हा आजवरचा सर्वांत दुबळा गट, असं बहुतेकांनी ठरवूनच टाकलं होतं. ते कितपत खरं होतं आणि गट दुबळा की बलवान हे मुळात कशावरून ठरवायचं, याची तपासणी मी तेव्हा वहीत सुरू केली. हा गट मी पुढेही सोडला नाही, कारण तीनच वर्षांनी तो लीगमधला सर्वांत भक्कम गट झाला.

गटांची घडण

एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत. एएफसी आणि एनएफसी अशा दोन कॉन्फरन्स, म्हणजे लीगचे दोन अर्धे भाग, प्रत्येकीत चार-चार संघांचे चार गट. ही मांडणी २००२ सालची, आणि सीहॉक्स एनएफसी वेस्टमध्ये आले ते तेव्हाच. त्या काळी साखळीत प्रत्येक संघ १६ सामने खेळे. गटातल्या तिघांशी प्रत्येकी दोन, असे सहा. आपल्या कॉन्फरन्समधल्या एका गटाशी चार, दुसऱ्या कॉन्फरन्समधल्या एका गटाशी चार. हे गट दरवर्षी आळीपाळीने बदलतात. उरलेले दोन सामने आदल्या वर्षी आपल्याच क्रमांकावर आलेल्या संघांशी. बाद फेरीत प्रत्येक कॉन्फरन्सचे सहा संघ जात: चार गटविजेते आणि वाइल्ड कार्डवाले, म्हणजे उरलेल्यांतले सर्वांत सरस, दोन. पहिले चार क्रमांक गटविजेत्यांसाठीच राखलेले, त्यामुळे गटविजेत्याला पहिला सामना किंवा विश्रांतीनंतरचा सामना घरच्या मैदानावर मिळणारच.

वादाचं मूळ या शेवटच्या तरतुदीत आहे. ११ विजय आणि ५ पराभव अशा कामगिरीचे न्यू ऑर्लिन्स सेंट्स, म्हणजे आदल्या वर्षीचे सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) विजेते, आपल्या गटात अटलांटाच्या मागे दुसरे आले म्हणून वाइल्ड कार्डवर आले. त्यांना सात विजयांच्या सीहॉक्सकडे खेळायला जावं लागलं.

सीहॉक्सचा हंगाम

नुसत्या ७–९ या आकड्यावरून तो हंगाम कसा होता ते कळत नाही. सीहॉक्स हरले ते नऊही सामने १५ किंवा त्याहून जास्त गुणांनी हरले. एकही पराभव निसटता नव्हता. ओकलंडने ३३–३, कॅन्सस सिटीने ४२–२४, सॅन फ्रान्सिस्कोने ४०–२१ असं त्यांना धुतलं. पूर्ण हंगामात त्यांनी ३१० गुण केले आणि ४०७ दिले. म्हणजे ९७ गुणांची तूट, तर त्यांच्या मागे राहिलेल्या रॅम्सची तूट ३९ आणि सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सची ४१. गुणांच्या हिशेबाने गटविजेता त्या गटातलाही सर्वोत्तम संघ नव्हता.

मित्राने ज्या दोन संघांची बाजू घेतली होती ते न्यूयॉर्क जायंट्स आणि टँपा बे बक्कनिअर्स. दोघांचेही दहा विजय, सहा पराभव. जायंट्सनी ७ नोव्हेंबरला सिअ‍ॅटलमध्येच येऊन सीहॉक्सना ४१–७ अशी धूळ चारली होती. बक्कनिअर्सनी २६ डिसेंबरला आपल्या घरी ३८–१५ असं हरवलं होतं. दोघेही बाहेर राहिले. एनएफसीतली शेवटची जागा दहा विजयांच्याच ग्रीन बे पॅकर्सना बरोबरी सोडवण्याच्या नियमाने मिळाली. फेब्रुवारीत तेच पॅकर्स पिट्सबर्गला ३१–२५ असं हरवून सुपर बोल जिंकले, म्हणजे सहाव्या जागेवरून आलेला संघ अजिंक्य ठरला. दहा विजयांचे संघ त्या वर्षी काय ताकदीचे होते, याचा यापेक्षा मोठा पुरावा मिळायचा नाही.

वहीतला हिशेब

चार संघांच्या विजय-पराभवांची बेरीज करून गट जोखायची सर्वांनाच सवय आहे. २०१० ची ती बेरीज अशी: सीहॉक्स ७–९, रॅम्स ७–९, फोर्टीनाइनर्स ६–१०, अ‍ॅरिझोना कार्डिनल्स ५–११. एकूण २५ विजय, ३९ पराभव. पण या बेरजेत एक खोट आहे. गटातल्या गटात १२ सामने होतात आणि प्रत्येकात एक जिंकतो, एक हरतो. म्हणून गट सिंहांचा असो की शेळ्यांचा, आपसातल्या सामन्यांची बेरीज १२–१२ च येणार. गटाची ताकद त्यातून तसूभरही कळत नाही. ती कळते बाहेरच्यांशी झालेल्या ४० सामन्यांतून.

ते वेगळे काढले की उरतात १३ विजय आणि २७ पराभव. आपसातल्या सामन्यांत एकाने केलेले गुण दुसऱ्याने दिलेले असतात, त्यामुळे गुणांची तूटही आपोआप बाहेरच्या सामन्यांचीच उरते. चौघांची मिळून ती ३२२ भरते. म्हणजे गटाबाहेरच्या प्रत्येक सामन्यात हा गट सरासरी आठ गुणांनी मागे होता. एक टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळणारे गुण, आणि वर थोडं. गटविजेत्या सीहॉक्सची गटाबाहेरची कामगिरी ३–७ आणि त्या दहा सामन्यांत १२६ गुणांची तूट. मित्राची लंगडी गाय इथे आकड्यांत दिसते. गट दुबळा होता यात शंका नाही.

मग मी ते ४० सामने कुणाशी झाले ते लिहून काढलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. एएफसी वेस्टशी ७–९. म्हणजे जवळजवळ बरोबरी. समान क्रमांकाच्या संघांशी ३–५. आणि एनएफसी साउथशी ३–१३. सगळी पडझड या एका गटासमोर झाली होती. आता एनएफसी साउथकडे उलट बाजूने बघा. अटलांटा १३–३, न्यू ऑर्लिन्स ११–५, टँपा १०–६, कॅरोलिना २–१४, एकूण ३६–२८. बघणाऱ्याला गट भारी वाटतो. त्यातून आपसातले १२–१२ काढा, एनएफसी वेस्टविरुद्धचे १३–३ काढा. उरतात ११ विजय आणि १३ पराभव! ज्या गटाने एनएफसी वेस्टला चारी मुंड्या चीत केलं, त्याची बाकी सगळ्या जगाविरुद्धची कामगिरी निम्म्याच्या खाली होती. कॅरोलिनाने वर्षभरात दोनच सामने जिंकले आणि ते दोन्ही एनएफसी वेस्टविरुद्ध, सॅन फ्रान्सिस्को आणि अ‍ॅरिझोनाला हरवून.

टँपाच्या तक्रारीतली हवा इथे निघते. त्यांच्या दहा विजयांपैकी चार याच दुबळ्या गटाकडून आलेले होते, चारपैकी चार. ते काढले तर उरते ६–६. ज्या गटाला जागा मिळाली म्हणून टँपाची जागा गेली, त्याच गटाच्या जिवावर टँपाचे दहा विजय उभे होते. जायंट्सचं तसं नाही. त्यांना एनएफसी वेस्टमधला एकच संघ वाट्याला आला होता. त्यांची तक्रार मला खरी वाटते. पण त्यांनीही १९ डिसेंबरला फिलाडेल्फियाविरुद्ध ३१–१० अशी आघाडी घालवून सामना ३८–३१ असा हरला होता आणि पुढच्याच आठवड्यात ग्रीन बेने त्यांना ४५–१७ असं झोडपलं. दार त्यांच्याही हातात होतं.

याच कोष्टकात ओकलंड रेडर्सची गंमत सापडली. एएफसी वेस्टमधल्या तिन्ही शेजाऱ्यांना त्यांनी दोन्ही वेळा हरवलं, गटात ६–०, आणि तरी ते बाद फेरीला मुकले. बाहेर ते २–८ होते. ते दोन विजय कुणावर? रॅम्स आणि सीहॉक्सवर.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी हे मित्राला दाखवलं. तो बराच वेळ वही बघत राहिला. "म्हणजे प्रत्येक गट दुसऱ्या गटाच्या काठीनं मोजायचा, आणि त्या काठीची लांबी आपल्याला नीट ठाऊक नाही, असंच ना?" असंच. ४० सामने म्हणजे दोन गटांशी सोळा-सोळा आणि उरलेले आठ. त्या वर्षी जोडी न लागलेल्या, एकाच कॉन्फरन्समधल्या दोन गटांची समोरासमोर गाठ पडते ती चारच सामन्यांत. एवढ्यावर पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर लावणारे कोणत्या विश्वासाने लावतात, हे मला आजही कळत नाही. वरचा एखादा आणि खालचा एखादा गट वेगळा काढता येतो. मधल्या सहांचा क्रम लावणं मात्र उगीच आहे.

८ जानेवारी

शनिवारी दुपारी सेंट्स क्वेस्ट फील्डवर उतरले. जाणकारांनी त्यांना दहाच्या आसपास गुणांनी वरचढ धरलं होतं. त्यांचे धावून चेंडू नेणारे मुख्य खेळाडू जखमी होते, हे खरं. तरी क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझ होता आणि सुरुवातीलाच सेंट्स १०–० ने पुढे गेले. मग परत आलेल्या हॅसलबेकने चार टचडाउन पास टाकले. हंगामभर १२ टचडाउन पास टाकून १७ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती देणारा, पस्तिशीचा हॅसलबेक. मध्यंतराला सिअ‍ॅटल २४–२०.

शेवटची चार मिनिटंही उरली नव्हती तेव्हा आघाडी ३४–३० अशी घसरली होती. चेंडू सीहॉक्सच्याच ३३ यार्ड रेषेवर. वेळ खायची म्हणून साधी धावण्याची चाल. मार्शॉन लिंचला सीहॉक्सनी ऑक्टोबरमध्येच बफेलोकडून घेतलं होतं, तेही स्वस्तात. त्याने चेंडू पोटाशी धरला आणि तो सरळ गर्दीत घुसला. गर्दीतून तो बाहेर येईल असं कुणालाच वाटलं नाही; माझा मित्र तर पाणी आणायला उठला होता. एकाचे हात मांडीवरून निसटले, दुसऱ्याचे कमरेवरून, तिसरा पायाशी आडवा झाला. मोकळ्यावर ट्रेसी पोर्टर समोर आला. आदल्या फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये पेटन मॅनिंगचा पास हिसकावून सेंट्सना अजिंक्यपद देणारा हाच पोर्टर. लिंचने डावा-उजवा न करता एक हात त्याच्या छातीवर ठेवला आणि त्याला असा ढकलला की पोर्टर चार-पाच पावलांवर जाऊन जमिनीवर बसला. पुढेही दोघे-तिघे अंगावर आले आणि गळून पडले. ६७ यार्ड. शेवटी उलटा होऊन पाठीवर त्याने रेषेपलीकडे अंग टाकलं.

मैदानाशेजारी भूकंपमापक यंत्र बसवलेलं होतं. त्या भागातल्या भूकंपांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या त्या यंत्रावर ६६ हजारांहून जास्त माणसांच्या नाचण्याचे हादरे उमटले. आमच्या खोलीत पाण्याची बाटली जमिनीवर घरंगळत होती आणि दोघांपैकी कुणालाच ती उचलायचं भान नव्हतं. सेंट्सनी नंतर आणखी एक टचडाउन केला, पण सामना ४१–३६ असा सीहॉक्सचा झाला. पराभव जास्त आणि विजय कमी असूनही बाद फेरीत सामना जिंकणारा हा पहिला संघ.

सोमवारी ऑफिसात सूर पालटला होता. आता गट दुबळा नव्हताच, असं लोक म्हणू लागले. मला हे पटलं नाही, सीहॉक्सवर जीव असूनही पटलं नाही. एका दुपारी घरच्या मैदानावर आलेला पूर ४० सामन्यांचा हिशेब पुसत नाही. पुढच्या रविवारी शिकागोत मध्यंतरालाच सीहॉक्स २१–० ने मागे होते. ३५–२४ असे ते हरले.

त्याच जानेवारीत बडोद्यात रणजी करंडक राजस्थानने जिंकला, प्लेट म्हणजे खालच्या मानलेल्या गटातून येऊन, पुण्याच्या हृषीकेश कानिटकरच्या नेतृत्वाखाली. गावाकडच्या फोनवर ही बातमी कळली तेव्हा मित्र मला म्हणाला, "बघ, खालच्या गटातनं चॅम्पियन निघतोय की." निघतो. राजस्थान एकामागून एक बाद सामने पार करून शेवटपर्यंत टिकलं, म्हणून तो संघ गटाच्या पाटीपेक्षा मोठा होता, हे सिद्ध झालं. एका विजयाने सीहॉक्सबद्दल तसं म्हणता येत नव्हतं. आणि राजस्थानच्या विजयानेही प्लेट गटातले बाकीचे संघ बलवान ठरत नाहीत. गटाचा शेंडा एक, सरासरी दुसरी, आणि तळ तिसरा. वाद घालणारे बहुतेकदा एक जण शेंड्याबद्दल बोलत असतो आणि दुसरा तळाबद्दल.

गट का खचला होता

एका शब्दात सांगायचं तर क्वार्टरबॅक. चाल रचणारा आणि चेंडू फेकणारा हा खेळाडू ढासळला की संघ ढासळतो, आणि २०१० मध्ये चारही संघांत ही जागा एकाच वेळी कच्ची होती. अ‍ॅरिझोनाला २००८ च्या हंगामात सुपर बोलपर्यंत नेणारा कर्ट वॉर्नर जानेवारी २०१० मध्ये निवृत्त झाला. त्याच उन्हाळ्याआधी अँक्वान बोल्डिन, कार्लोस डॅन्सबी, अँट्रेल रोल हेही गेले. वॉर्नरच्या जागी वर्षभरात डेरेक अँडरसन, मॅक्स हॉल आणि जॉन स्केल्टन असे तिघे आजमावून झाले. रॅम्स आदल्या वर्षी १–१५ होते. त्याबद्दल त्यांना नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला हक्क मिळाला आणि त्यांनी घेतलेला सॅम ब्रॅडफर्ड अजून शिकत होता. सॅन फ्रान्सिस्कोने पहिले पाचही सामने हरले, शेवटच्या सामन्याआधी प्रशिक्षक माइक सिंगलटरीला काढलं. सिअ‍ॅटलमध्ये प्रशिक्षक पीट कॅरलचं हे पहिलंच वर्ष होतं आणि जुना संघ मोडून नवा बांधणं चाललं होतं.

यातलं एकही कारण कायमचं नव्हतं. जो म्हणे की पश्चिमेचा गट मुळातच मऊ आहे, तो गटाच्या नावाला एखादा स्वभाव चिकटवत होता. गटाला स्वभाव नसतो. चार क्वार्टरबॅक आणि चार प्रशिक्षक बदलले की गट बदलतो. शिवाय खालच्या संघांना खेळाडूंच्या निवडीत आधी हक्क आणि सर्वांना वेतनाची एकच कमाल मर्यादा, ही लीगची घडणच अशी आहे की खालच्याला वर यायला शिडी मिळते.

मात्र सीहॉक्सची गोष्ट या शिडीत पुरती बसत नाही, आणि मला ती फार आवडते. रॅम्सकडून ते हरले असते तर पुढच्या निवडीत त्यांचा क्रमांक पहिल्या दहात लागला असता. "हरा, भलं होईल," असं म्हणणारे त्या आठवड्यात सिअ‍ॅटलमध्येही होते. जिंकल्यामुळे त्यांचा क्रमांक २५ वा लागला. पण त्यांचा पुढचा संघ नुसत्या पहिल्या हक्कांवर उभा राहिला नाही. कॅम चॅन्सेलर २०१० च्या पाचव्या फेरीतला, रिचर्ड शर्मन २०११ च्या पाचव्या फेरीतला, क्वार्टरबॅक रसेल विल्सन २०१२ मधला ७५ वा. हरून मिळणाऱ्या गोष्टीवर डोळा ठेवण्यापेक्षा माणूस ओळखायची नजर त्यांना जास्त उपयोगी पडली. तिकडे सॅन फ्रान्सिस्कोने जानेवारी २०११ मध्ये जिम हार्बोला प्रशिक्षक म्हणून आणलं आणि पहिल्याच वर्षी ते १३–३ झाले.

२०१३

तीन वर्षांनी तोच गट, तेच चार संघ. सीहॉक्स १३–३, फोर्टीनाइनर्स १२–४, कार्डिनल्स १०–६, रॅम्स ७–९. गटाबाहेरचे ४० सामने काढले: ३० विजय, १० पराभव. तेव्हाची ३२२ गुणांची तूट आता ३५९ गुणांची आघाडी झाली होती, बाहेरच्या प्रत्येक सामन्यात जवळपास नऊ. पण मी वहीत लाल पेनाने चौकट केली ती वेगळ्याच ओळीभोवती. २०१३ मध्ये गटात शेवटचे आलेले रॅम्स गटाबाहेर ६–४ होते. २०१० मध्ये गटात पहिले आलेले सीहॉक्स गटाबाहेर ३–७ होते. भक्कम गटाचा तळ दुबळ्या गटाच्या शेंड्याहून इतका वर असतो.

या वर्षी त्यांच्या वाट्याला आलेल्या एएफसी साउथमध्ये ह्यूस्टन २–१४ आणि जॅक्सनव्हिल ४–१२ असे संघ होते, हेही नोंदवायला हवं. काठी थोडी आखूड होती. तरी एनएफसीच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले ते सीहॉक्स आणि फोर्टीनाइनर्स, दोघेही याच गटाचे. सिअ‍ॅटल २३–१७ ने जिंकलं आणि २ फेब्रुवारी २०१४ ला डेन्व्हरला ४३–८ असं उडवून अजिंक्य झालं.

आणि दहा विजयांचे कार्डिनल्स? बाहेर राहिले. डिसेंबरमध्ये त्यांनी सिअ‍ॅटलमध्ये जाऊन होणाऱ्या अजिंक्य संघाला १७–१० असं हरवलं होतं. ग्रीन बे मात्र आठ विजय, सात पराभव आणि एका बरोबरीसह गटविजेते म्हणून घरच्या मैदानावर खेळले, आणि बारा विजयांच्या फोर्टीनाइनर्सना जानेवारीच्या थंडीत त्यांच्याकडे जावं लागलं. २०१० मध्ये ज्या नियमाने या गटाला वर उचललं, त्याच नियमाने आता त्याला खाली दाबलं.

नियमाबद्दल

गट मोडून टाका आणि विजयांप्रमाणे वरचे संघ घ्या, असं मलाही एकेकाळी वाटे. माझं मत बदललं ते कोल्हापूरच्या मित्रामुळे. तो म्हणाला, "पेठेतल्या दोन टीमची मॅच असली की वर्षाचा सगळा हिशेब त्या एका दिवशी असतोय. तुम्ही गटाचा मान काढून घेतला तर शेजाऱ्याला हरवण्यात काय राहिलं?" २ जानेवारीच्या त्या सामन्याला जो ताण होता तो गटाच्या मानामुळेच होता. तो मान राहू द्यावा. गटविजेत्याला बाद फेरीत जागा मिळावी. पण घरचं मैदान विजयांच्या हिशेबाने द्यावं, असं माझं ठाम मत आहे. जागा मिळणं आणि यजमानपद मिळणं या दोन गोष्टी एकाच गाठीत बांधायचं कारण नाही. २०२४ च्या हंगामात १४ विजयांच्या मिनेसोटाला पाहुणे म्हणून दहा विजयांच्या रॅम्सशी खेळावं लागलं. त्यानंतर २०२५ मध्ये डेट्रॉइट लायन्सनी अशाच बदलाचा प्रस्ताव मांडला होता. तो त्यांनी मागे घेतला.

३ जानेवारी २०१५ ला मित्र कोल्हापुरात परतला होता आणि मी रेडमंडलाच होतो. त्या दिवशी एनएफसी वेस्टचे अ‍ॅरिझोना कार्डिनल्स, ११ विजय आणि ५ पराभव, शार्लटला गेले होते. यजमान कॅरोलिना पँथर्स, एनएफसी साउथचे विजेते, सात विजय, आठ पराभव, एक बरोबरी. अ‍ॅरिझोनाचे पहिले दोन्ही क्वार्टरबॅक जखमी होते. तिसऱ्या पसंतीच्या रायन लिंडलीला घेऊन त्यांनी पूर्ण सामन्यात ७८ यार्ड मिळवले, बाद फेरीच्या इतिहासात इतके कमी कुणीच मिळवले नव्हते. २७–१६ असे ते हरले. मी वही काढली आणि एनएफसी साउथचा हिशेब मांडला. गटाबाहेर १० विजय, २९ पराभव, एक बरोबरी. म्हणजे आमच्या २०१० च्या १३–२७ पेक्षाही खाली. कोल्हापुरात पहाट झाली असेल असा अंदाज घेऊन मी फोन लावला. तो जागाच होता. मी आकडे वाचून दाखवले.

"आणि तरी ही पण टीम बाद फेरीत मॅच जिंकली?" त्याने विचारलं.

"जिंकली."

"थांब जरा," तो म्हणाला, "कागद घेतो. बाहेरच्या चाळीस मॅच कुणाकुणाशी झाल्या, ते एकेक सांग."